सूना महाल: कोपरा दिसतो, घर दिसत नाही

मरीन ड्राइव्ह आणि वीर नरिमन रोडच्या कोपऱ्यावरचा ‘सूना महाल’ तुम्ही फोटोत पाहिला असेल. आर्किटेक्ट जी. बी. म्हात्रे, साल १९३७. प्लॉट पाचरीसारखा. म्हात्रेंनी टोक लपवलं नाही, उलट त्यालाच मधोमध धरून वर मनोरा चढवला. रस्त्यावरून उत्तर चोख वाटतं.

इथेच आपण फसतो. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या, म्हणून आपण फोटोवरच निकाल देऊन मोकळे! तिरक्या भिंतीला कपाट टेकतं का, जिन्यात उजेड येतो का, हे फोटो सांगत नाही. ‘अडचणीचा प्लॉट सोडवला’ असं प्रबंधात लिहायचंय? आधी मजल्याचा नकाशा मिळवा. नाहीच मिळाला, तर दावा दर्शनी भागापुरता ठेवा.