स्थिरचित्रातील संयोजन आणि छटामूल्य : तैलरंगाच्या संदर्भात एक चिकित्सा

मराठी कलासमीक्षेने व्यक्तिचित्र, निसर्गचित्र आणि अमूर्त चित्र यांची जेवढी दखल घेतली, तेवढी स्थिरचित्राची घेतलेली नाही. स्थिरचित्र हा अभ्यासाचा प्रकार, कलाकृतीचा नव्हे, अशी एक समजूत त्यामागे आहे. शासकीय रेखाकला परीक्षांनी ही समजूत नकळत पक्की केली. एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र अशी पायरी ठरलेली असल्यामुळे, परीक्षा संपली की घागर आणि फळे यांच्याशी असलेले नातेही संपते. वास्तविक, चित्रकाराला विषयाचा आधार मिळू न देणारा हा प्रकार आहे. व्यक्तिचित्रात चेहऱ्याचे साम्य आणि प्रसंगचित्रात कथा चित्राला तोलून धरते. स्थिरचित्रात एक तांब्या आणि चार फळे असतात. ती पाहावीशी वाटली तर केवळ मांडणी आणि उजेड यांच्यामुळेच. प्रस्तुत लेखात याच दोन घटकांचा, म्हणजे संयोजन आणि छटामूल्य यांचा, परस्परसंबंध तपासावयाचा आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक मांडणी गृहीत धरू. बीड तालुक्यातील नेकनूरसारख्या गावात सहज मिळतील अशाच वस्तू घेऊ : एक पितळी तांब्या, बालाघाटच्या डोंगरातील तीन सीताफळे, खाली गोणपाट आणि मागे काळी घोंगडी. उजेड डावीकडच्या एकाच खिडकीतून येतो आहे. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते चित्रात मात्र क्वचितच येते. आपल्या शाळांच्या भिंतींवरील स्थिरचित्रांत सफरचंद आणि द्राक्षे यांचाच भरणा असतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

विद्यार्थी ही मांडणी कशी करतो? तांब्या मध्यभागी, दोन फळे एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, झाला त्रिकोण. त्रिकोणाकृती संयोजन चुकीचे नाही, परंतु ते बाह्यरेषेपुरते राहिले की वस्तू एकमेकींशेजारी केवळ ठेवल्यासारख्या दिसतात. मग 'रचना जमली नाही' असे म्हणून तो तांब्या डावीकडे सरकवतो, आणखी एक फळ वाढवतो, गोणपाटाला चुण्या पाडतो. दोष तरीही जात नाही, कारण तो बहुधा जागेचा नसून छटेचा असतो. उजळ पितळेला काळी घोंगडी भिडते ती कड चित्रातील सर्वांत तीव्र विरोधाची जागा असते आणि दृष्टी तिथेच खिळते. सीताफळे कोठेही सरकवली तरी ती कड ओरडतच राहते. उलट, तांब्याची सावलीकडची बाजू घोंगडीत थोडी विरघळू दिली आणि तीव्र विरोध एका फळाच्या उजळ कडेपाशी आणला, तर एकही वस्तू न हलवता संयोजन बदलते. संयोजन म्हणजे वस्तूंची जागा ही व्याख्या म्हणूनच अपुरी आहे. कोणती कड ठळक ठेवायची आणि कोणती हरवू द्यायची, हा निर्णय संयोजनाचाच भाग होय.

येथे रंगद्रव्याची मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. कॅनव्हासवरील उत्तम पांढरा रंग काळ्यापेक्षा साधारण 20 ते 30 पट उजळ असतो. प्रत्यक्षात पितळेवरील चमक आणि घोंगडीच्या घडीतील अंधार यांतील अंतर याच्या कितीतरी पट मोठे असते. म्हणजे जसे दिसते तसे रंगवणे मुळातच शक्य नसते; चित्रकाराला उजेडाची पट्टी आखडून घ्यावी लागते. तांब्यावरचा तो एक ठिपका निव्वळ पांढरा राहायचा असेल तर त्याच्या भोवतीचे पितळ बरेच खाली, जवळजवळ मधल्या छटेवर, आणावे लागते. नवशिका पितळ पिवळे आहे या ज्ञानावर विसंबून ते उजळ पिवळे रंगवतो. मग चमकेसाठी त्याच्याजवळ काही उरत नाही. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' हे म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधील चित्र जलरंगातले असले तरी येथे उपयोगी पडते. दिव्याचा प्रकाश तेथे उजळ रंगामुळे पटत नाही, भोवतालच्या संयमित छटांमुळे पटतो.

सीताफळ हे छटेच्या दृष्टीने सर्वांत कठीण फळ आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच्या प्रत्येक डोळ्याला स्वतःचा उजेड आणि स्वतःची सावली असते. प्रत्येक डोळा समान विरोधाने रंगवला की फळाचा गोल मोडतो आणि खडी अंथरल्याचा भास होतो. आधी संपूर्ण फळ एक साधा गोळा मानून त्याच्या तीन छटा ठरवाव्यात. डोळ्यांचे तपशील त्या त्या छटेच्या हद्दीतच ठेवावेत. सावलीतील डोळ्याचा सर्वांत उजळ भाग हा प्रकाशातील डोळ्याच्या खाचेपेक्षाही गडद असू शकतो. डोळे किलकिले करून पाहण्याचा जुना उपदेश यासाठीच आहे.

तैलरंगाने यात स्वतःच्या अडचणी घातल्या आहेत. जळका अंबर लवकर वाळतो, हस्तिदंती काळा रेंगाळतो. वाळताना गडद भागातील तेल खालच्या थराने शोषून घेतले की तो भाग निस्तेज आणि राखाडी दिसू लागतो, आणि काल योग्य वाटलेली छटा आज खोटी ठरते. अशा वेळी नवा रंग चढवण्यापूर्वी त्या भागावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून खरी छटा परत आणावी, नाही तर चुकीच्या छटेवरून चुकीची दुरुस्ती होते. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट आरंभ करणेही घातक असते. त्यावर प्रत्येक छटा असते त्यापेक्षा गडद भासते, त्यामुळे हात आखडतो. मधल्या छटेचा पातळ थर प्रथम दिला तर वर-खाली दोन्ही दिशांना जाता येते.

महाराष्ट्रातील स्थिरचित्राचा विचार कृष्णाजी हौळाजी आरा यांच्याशिवाय पुढे जात नाही. सिकंदराबादजवळील बोलारम येथे 1914 मध्ये जन्मलेले आरा लहानपणी मुंबईत आले, घरकाम करून राहिले आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. कलाशाळेचे रूढ, प्रदीर्घ शिक्षण त्यांना लाभले नाही. 1947 मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते संस्थापक सदस्य होते. 1952 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना ज्या चित्राबद्दल मिळाले त्याचे नाव 'टू जग्ज'. या नावातच संयोजनाचा एक अवघड प्रश्न आहे : दोन सारख्या वस्तू समोरासमोर आल्या की चित्र दुभंगते, आणि एकीला छटेने दुय्यम केल्याशिवाय ते सांधत नाही.

आरांनी प्रथम जलरंग आणि अपारदर्शक रंग तैलरंगाच्या जाडीने वापरले, नंतर ते तैलरंगाकडे वळले. त्यांच्या स्थिरचित्रांवर सेझानचा प्रभाव सांगितला जातो, तो मान्य करूनही एक फरक नोंदवावासा वाटतो. सेझान मेज तिरपे करतो तेव्हा उष्ण-शीत रंगांच्या बारीक पायऱ्यांनी फळाची गोलाई सांभाळतो. आरांचा ओढा रंगाच्या सपाट भरघोसपणाकडे आहे. शार्दांच्या तांब्याच्या भांड्यांत अंधाराला जसा श्वास असतो, तसा तो आरांच्या चित्रांत फारसा आढळत नाही. त्यांच्या फुलदाण्यांच्या अनेक चित्रांत पुनरावृत्तीही आहे. मागणीने ती वाढवली असावी. तथापि मडकी, फळे अशा घरगुती वस्तूंना त्यांनी जे वजन दिले ते परीक्षेच्या वस्तुचित्रात कधीच नसते. ज्याने दुसऱ्यांच्या घरची भांडी हाताळली त्याला भांड्याचे वजन ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण चरित्रावरून चित्राचे समर्थन करणे ही समीक्षा नव्हे. ते वजन रंगाच्या जाड थरातून आणि वस्तू चौकटीच्या अगदी पुढे आणण्यातून आले आहे, हे चित्रातच दाखवता येते.

आपल्या भागातील विद्यार्थ्याला ही चित्रे छापील पानावर किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरच भेटतात. छपाईत गडद छटा एकमेकींत मिसळतात, तर पडदा स्वतःच्या प्रकाशाने उजळ छटांना अवास्तव झळाळी देतो. म्हणून संयोजन प्रतिकृतीवरून काही प्रमाणात शिकता येते, छटा मात्र समोरच्या मांडणीवरूनच शिकावी लागते.

आणि ती मांडणी फार दिवस थांबत नाही. डोळे उघडलेले सीताफळ दोन-तीन दिवसांत मऊ पडून काळवंडते; तैलरंगाचा पहिला थर तोवर धड वाळलेलाही नसतो. तांब्या आणि घोंगडी थांबू शकतात. तेव्हा सर्व वस्तूंच्या छटा पहिल्याच बैठकीत मोघम ठरवून घ्याव्यात, त्याच ओल्या रंगात फळे पूर्ण करावीत आणि पितळेवरचा तो पांढरा ठिपका अगदी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावा.