'मताइओतेस' : व्यर्थता की बाष्प?

प्राचीन ग्रीकमधील 'मताइओतेस' या नामाचा अर्थ कोशांत 'व्यर्थता', 'निष्फळता' असा दिलेला आढळतो. तो चुकीचा नाही. परंतु ज्या ग्रंथामुळे हा शब्द सर्वदूर पोहोचला, त्या बायबलमधील 'उपदेशक' या पुस्तकाच्या संदर्भात तो पुरेसा आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

'मताइओस' या विशेषणाला भाववाचक प्रत्यय लागून हे नाम सिद्ध झाले. विशेषणाच्या मुळाशी 'मते' म्हणजे मूर्खपणा, प्रमाद हे जुने नाम आहे. त्याचेच द्वितीयेचे रूप 'मतेन' हे 'विनाकारण, फुकट' या अर्थी क्रियाविशेषण म्हणून रूढ झाले. म्हणजे आरंभी या शब्दकुळात निष्फळतेइतकाच अविचाराचाही भाव होता. ग्रीसवरील स्वारीस विरोध करणाऱ्या आर्ताबानस या चुलत्याचे बोलणे झर्क्सीस 'मताइओस' ठरवतो, असे हेरोडोटस लिहितो. (व्यर्थ कोणाचे बोलणे ठरले, हे पुढील इतिहासाने दाखविलेच!)

'मतेन' या शब्दाची काटेकोर चिकित्सा अॅरिस्टॉटलने 'फिजिक्स'च्या दुसऱ्या भागात केली आहे. जी क्रिया एखाद्या साध्यासाठी केली जाते आणि ते साध्य हाती लागत नाही, तीच व्यर्थ. पोट साफ व्हावे म्हणून माणूस फिरायला गेला आणि तसे घडले नाही, तर फिरणे व्यर्थ गेले. मात्र आपण स्नान केले आणि सूर्यग्रहण लागले नाही, म्हणून स्नान व्यर्थ गेले असे म्हणणे हास्यास्पद होय. कारण ग्रहणासाठी स्नान कोणी करीतच नाही. व्यर्थता ही अशा रीतीने हेतूच्या सापेक्ष आहे. याच ठिकाणी तो 'औतोमातोन' (आपोआप घडणारे) या शब्दाचा संबंध 'मतेन'शी जोडतो. ती व्युत्पत्ती मात्र आज ग्राह्य नाही. त्या शब्दाचा उत्तरार्ध संस्कृत 'मन', 'मत' यांच्या धातुकुळातील मानला जातो.

आता भाषांतराकडे वळू. 'उपदेशक'मध्ये अडतीस वेळा येणारा मूळ हिब्रू शब्द 'हेवेल' आहे. त्याचा शब्दशः अर्थ श्वास, वाफ. 'उत्पत्ती'मधील आबेल या अल्पायुषी भावाचे नावही हिब्रूत हेच आहे. सेप्टुआजिंट या ग्रीक भाषांतराने 'हेवेल'साठी 'मताइओतेस' योजला आणि मूर्त प्रतिमेच्या जागी अमूर्त निर्णय आला. आबेलच्या नावाशी असलेले नातेही ग्रीक वाचकाला दिसेनासे झाले. सेप्टुआजिंट वगळता इतर ग्रीक भाषांतरकारांनी 'वाफ' हाच अर्थ ठेवला होता, अशी नोंद जेरोमने इ. स. ३८८-८९च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या भाष्यात केली आहे. तरीही लॅटिन बायबलमध्ये त्याने 'वानितास' हाच शब्द कायम केला. त्याचे मूळ 'वानुस' म्हणजे रिकामा. वाफ, निष्फळता, पोकळपणा या तीन भिन्न कल्पना अशा एका पदरात पडल्या.

सेप्टुआजिंटच्या भाषांतरकाराला दोष देणे अन्यायाचे होईल. ग्रंथ आरंभीच विचारतो की सूर्याखालच्या श्रमांतून माणसाला लाभ काय? प्रश्नच लाभाचा असल्याने अॅरिस्टॉटलला अभिप्रेत असलेली व्यर्थता तेथे चपखल बसते. पण अकराव्या अध्यायाच्या शेवटी तारुण्याला 'हेवेल' म्हटले आहे, आणि लगेच आधी त्याच तारुण्यात आनंद करण्यास सांगितले आहे. तारुण्य निष्फळ म्हणून आनंद करा, हे विसंगत वाटते; ते वाफेसारखे विरणारे म्हणून आनंद करा, हे सुसंगत. एकाच ग्रीक शब्दाच्या आग्रहामुळे हा फरक पुसला गेला, आणि ग्रंथाला निराशावादी ठरविणाऱ्या वाचनास, माझ्या मते, त्यामुळे अनाठायी बळ मिळाले.

पौलाच्या लेखनात हा शब्द पुन्हा हेतूकडे झुकतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात, पुनरुत्थान झाले नसेल तर श्रद्धा 'केने' (पोकळ) असे तो म्हणतो आणि तीनच वचनांनंतर तिलाच 'मताइया' म्हणतो. पहिल्या शब्दात आशयाचा अभाव आहे, दुसऱ्यात परिणामाचा.

मराठी बायबलमध्ये रूढ असलेला 'व्यर्थ' (वि + अर्थ) हा शब्द ग्रीक 'मताइओस'च्या विलक्षण जवळ जातो. 'अर्थ' म्हणजे प्रयोजनही. पौलासाठी तो उत्तमच आहे. अकराव्या अध्यायातील तारुण्यासाठी मात्र 'क्षणभंगुर' हा आपल्याकडील जुनाच शब्द हिब्रूच्या अधिक निकट ठरला असता.