दोन टेप आणि एक सम

दोन लूपर जुळवायचे म्हटलं, की सल्ला ठरलेला: एकाला मास्टर करा, दुसऱ्यानं त्याच्या मागं चालायचं. मिडी क्लॉक हेच करतं. दर क्वार्टर नोटला 24 ठोके पाठवतं. ओव्हरडबिंगला ते हवंच. चार सेकंदांचा लूप दर फेरीत सेकंदाच्या शंभराव्या भागानं मागं पडला, तरी सातेक मिनिटांत अख्ख्या सेकंदाची फट पडते.

आता गंमत बघा. हाच दोष स्टीव्ह राइशच्या ‘इट्स गॉना रेन’ (1965) या रचनेचा पाया आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये प्रलयाची गोष्ट सांगणाऱ्या एका धर्मोपदेशकाचा आवाज त्यानं ध्वनिमुद्रित केला होता. त्यातला एकच तुकडा दोन टेप रेकॉर्डरवर फिरवून त्याला तो नेमका जुळवायचा होता, पण यंत्रं एकमेकांपासून सरकत गेली. राइशनं ते सरकणंच ठेवलं.

हेडफोन लावून ऐका. पहिला भाग मला जास्त भावतो, कारण दोन आवाजांमधलं अंतर वाढताना आणि मिटताना कानाला मोजता येतं. दुसऱ्या भागात दोनाचे चार, चाराचे आठ आवाज होतात. भीती वाढते, खरं. पण कोण कुणापासून किती दूर गेलं ते कळेनासं होतं. निसटणं ऐकू यायला काहीतरी जागेवर राहावं लागतं. राइशनं पुढे ‘पियानो फेज’मध्ये (1967) हे माणसांकडून करवून घेतलं: एक वादक लय धरून ठेवतो, दुसरा हळूच पुढे सरकतो.

आपल्याला हे नवं नाही. तबल्याच्या सोलोत हार्मोनियमवरचा लेहरा म्हणजे लूपच की! तबलजी लयीशी कितीही खेळला, तरी लेहरा जागचा हलत नाही, आणि समेवर दोघं भेटतात. मिडी क्लॉकच्या ठोक्यांत वेग असतो, पण सम कुठली ते नसतं. म्हणून मधेच जोडलेला लूपर वेगात बरोबर आणि समेला चुकलेला असू शकतो. 2016 मध्ये आलेल्या एबलटन लिंकमध्ये मात्र कुणीच कायमचा मास्टर नसतो, आणि वेगासोबत आवर्तनातली जागाही वाटून घेतली जाते.

तेव्हा तीन लूपर असतील तर दोन घट्ट बांधा, तिसरा सोडा. सगळेच बांधले तर निसटायला कुणी उरत नाही, आणि सगळेच सोडले तर निसटलेलं ओळखायला काही उरत नाही.