सदाशिवरावभाऊंचा शोध आणि ‘तोतया’ची प्रतिमा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
१४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पानिपतच्या तिसऱ्या युद्धाने मराठी भाषेला ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार दिला. त्याच युद्धाच्या मागून आलेल्या एका प्रकरणाने ‘तोतया’ हा शब्द मराठी मनात कायमचा रुजविला. रणांगणातून नाहीसे झालेले सेनापती सदाशिवरावभाऊ परत आले आहेत, अशी वार्ता पुढील पंधरा वर्षे महाराष्ट्रात वारंवार उठत राहिली. या प्रकरणाविषयीचे मराठी लेखन ‘तो मनुष्य कोण होता?’ या प्रश्नाभोवती फिरते. त्याच्यावर विश्वास ठेवावासा का वाटला, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुषंगाने उपलब्ध साधनांचा व साहित्याचा विचार केला आहे.

मृत्यूची वार्ता आणि तिचे स्वरूप :
भाऊंच्या मृत्यूची वार्ता दक्षिणेत स्पष्ट शब्दांत आलीच नाही. नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोहोचलेला सावकारी पत्रातील मजकूर सांकेतिक होता. त्यात माणसांची नावे नव्हती. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबात पराभव सांगितला होता. अशा मजकुरातून हानीचा अंदाज येतो, परंतु एका विशिष्ट व्यक्तीच्या मृत्यूची खात्री पटत नाही. नानासाहेबांचे २३ जून १७६१ रोजी निधन झाले आणि शोधाची सूत्रे हाती असणारा कर्ता पुरुषही गेला.

मृतदेहाविषयीचा तपशीलवार वृत्तांत शुजाउद्दौल्याच्या चाकरीतील काशीराज पंडित याने फारसीत लिहिला. शिर नसलेला देह शरीरावरील खुणांवरून ओळखला गेला व त्यावर अंत्यसंस्कार झाले, असे तो सांगतो. ही साक्ष महत्त्वाची आहे. पण ती शत्रूच्या छावणीतील साक्ष होती. घरच्या माणसाने ओळखलेला देह आणि परक्यांनी ओळखून दहन केलेला देह यांत कुटुंबाच्या दृष्टीने मोठे अंतर असते. संशयाला जागा राहिली ती या अंतरामुळे.

नाना फडणीस : साक्षीदार आणि न्यायकर्ता :
नाना फडणीस स्वतः पानिपतावर होते. त्यांच्या अल्प आत्मचरित्रात त्या पलायनाचे, भुकेचे आणि भीतीचे जे वर्णन येते, ते मराठी गद्यातील अत्यंत प्रांजळ लेखन आहे. त्याच मोहिमेत त्यांना मातेचा वियोग घडला. पुढे कनोजी ब्राह्मण सुखनिधान याने भाऊ असल्याचा दावा केला, तेव्हा त्याला कैद करून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. १७७६ मध्ये तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला मुक्त केले आणि कोकणातील अनेक ठिकाणे त्याच्या ताब्यात गेली. अखेर तो पकडला गेला. पुण्यात चौकशी होऊन डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली.

राज्यकर्ते म्हणून नानांची भूमिका समर्थनीय ठरते. बारभाईंचे कारभारीपण आधीच नाजूक अवस्थेत होते. तथापि, एकेकाळी रणांगणावर स्वतः हरवलेला तरुण आणि पुढे परतलेल्याची सत्यता ठरविणारा कारभारी हे दोन नाना एकत्र पाहण्याचा प्रयत्न साहित्याने क्वचितच केला.

शीर्षकातील निर्णय :
न. चिं. केळकर यांचे ‘तोतयाचे बंड’ (१९१३) हे नाटक या विषयावरील प्रसिद्ध कृती होय. त्याच्या शीर्षकातील दोन्ही नामे दरबाराच्या निकालपत्रातील आहेत. मनुष्य ‘तोतया’ आणि त्याचे कृत्य ‘बंड’, हे पडदा उघडण्यापूर्वीच ठरते. ऐतिहासिकदृष्ट्या निर्णय योग्य आहे. परंतु त्यामुळे अनुयायी भोळे किंवा लबाड एवढ्याच दोन गटांत विभागले जातात. आपल्या माणसाची वाट पाहणारा तिसरा गट दिसेनासा होतो. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीने भाऊंची पराक्रमी प्रतिमा पुन्हा उभी केली, परंतु तिचा केंद्रबिंदू मोहीम आहे. मोहिमेनंतरची प्रतीक्षा नव्हे.

पार्वतीबाईंचे स्थान :
या तिसऱ्या गटाच्या अग्रभागी भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई आहेत. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. या निर्धाराचा उल्लेख बहुधा करुणेने किंवा भ्रम म्हणून होतो. परंतु याच पार्वतीबाई १७७४ मध्ये गर्भवती गंगाबाईंसोबत पुरंदरावर होत्या. म्हणजे बारभाईंच्या राजकारणातील अत्यंत जोखमीच्या प्रसंगी त्यांच्यावर भिस्त ठेवली गेली होती. अशा स्त्रीला केवळ भ्रमिष्ट ठरविणे साधनांशी विसंगत आहे. पुराव्याविना सौभाग्य उतरविण्यास दिलेला नकार म्हणूनही त्यांच्या वर्तनाचा अर्थ लावता येतो.

फ्रान्समधील मार्तँ गेर प्रकरणात इतिहासकार नताली झेमॉन डेव्हिस यांनी १९८३ च्या ग्रंथात हाच दृष्टिबदल केला. १५६० मध्ये देहदंड झालेल्या तोतयापेक्षा खऱ्या मार्तँची पत्नी बेर्त्रांद हिच्या निवडीकडे त्यांनी लक्ष वेधले. बेर्त्रांदने तोतयाला घरात घेतले होते. पार्वतीबाईंच्या बाबतीत तसे घडले नाही. म्हणून तुलना मर्यादित आहे, पण विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे.

निष्कर्ष :
१. भाऊ असल्याचा दावा उभा राहू शकला, यामागे एका व्यक्तीच्या लबाडीइतकाच अपुऱ्या राहिलेल्या शोधाचा वाटा होता.
२. मराठी साहित्याने राज्याचा निकाल स्वीकारला, पण कुटुंबाची साक्ष नोंदविली नाही.
३. हा प्रश्न अठराव्या शतकापुरता नाही. १९७१ च्या युद्धातील बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक २००७ मध्ये पाकिस्तानातील तुरुंगांत शोध घेण्यासाठी गेले होते. छत्तीस वर्षांनंतरही त्यांना अनुमान नको होते, खात्री हवी होती.

गोंदिया-भंडारा परिसरातील झाडीपट्टीत मंडईच्या दिवसांत नाटकासाठी रात्रभर जागणारा प्रेक्षक आहे आणि त्याच घरांतील मुले महाविद्यालयात मराठी शिकतात. त्यांच्यापुढे हे प्रकरण ठेवताना तोतयाच्या कपटाबरोबर पार्वतीबाईंची बावीस वर्षेही अभ्यासाचा विषय व्हावीत.