शेवटच्या पानावरचा तक्ता

जर्मन शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांच्या शेवटी एक तक्ता असतो. मथळा ‘अनियमित क्रियापदे’ आणि खाली तीन रकाने: मूळ रूप, साधा भूतकाळ आणि ‘गे’ लागून होणारं तिसरं रूप. पहिल्या वर्षी त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. पण बी-वन म्हणतात त्या मधल्या पातळीवर आलं की फर्मान सुटतं, रोज दहा पाठ करा. मुलं तिकडे, नातवंडांच्या तोंडी जर्मन, म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणी हौसेनं शिकू लागतात आणि नेमक्या या पानाशी थांबतात. मग ठरलेलं निदान होतं: वय झालं, आता पाठांतर होत नाही.

मला हे निदान मान्य नाही. भक्तामराचे अठ्ठेचाळीस श्लोक न अडखळता म्हणणाऱ्या बायका आपल्या घराघरांत आहेत. त्यांतल्या काहींनी तर ते पन्नाशीनंतर पाठ केलेत. स्मरणशक्ती तीच, वय तेच. फरक आहे तो समोर ठेवलेल्या मजकुरात. स्तोत्राला वृत्त आहे, क्रम आहे, अर्थाचा धागा आहे. तक्त्याला आहे फक्त वर्णानुक्रम.

या वर्णानुक्रमानं काय होतं ते पाहा. ‘बेगिनन’ म्हणजे सुरू करणं, ‘बीटन’ देऊ करणं, ‘बिंडन’ बांधणं, ‘ब्लायबन’ राहणं. चौघी जवळजवळ बसलेल्या, पण चौघींच्या चाली वेगळ्या: बेगान, बोट, बांट, ब्लीप. याउलट बिंडन–बांट–गेबुंडन, फिंडन–फांट–गेफुंडन, ट्रिंकन–ट्रांक–गेट्रुंकन या सख्ख्या बहिणी. इ, आ, उ असा एकच सूर. पण एक बसवली ‘ब’ मध्ये, दुसरी ‘फ’ मध्ये आणि तिसरी पार ‘ट’ मध्ये. कुटुंब फोडायचं, माणसं गावभर पांगवायची आणि म्हणायचं, यांच्यात काही नातंच नाही!

नातं आहे, आणि ते जर्मन माणसानंच दाखवलं आहे. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब हा मोठा व्याकरणकार. त्याच्या जर्मन व्याकरणाचा पहिला भाग 1819 साली निघाला. जी क्रियापदं पोटातला स्वर बदलून भूतकाळ करतात त्यांना त्यानं ‘सबळ’ म्हटलं आणि ज्यांना बाहेरून ‘टे’ जोडावा लागतो त्यांना ‘दुर्बळ’. माखन–माख्टे हे दुर्बळ. सबळांचे त्यानं वर्ग पाडले. म्हणजे शाळेचं पुस्तक ज्यांना अनियमित म्हणतं, त्यांतल्या बहुतेकांचा नियम तेव्हाच मांडून झाला होता. नावांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. आज भाषेत येणारं नवं क्रियापद ‘दुर्बळां’च्याच घरात येतं. भाजण्याचं ‘बाकन’ पूर्वी भूतकाळात ‘बूक’ व्हायचं, आता लोक सर्रास ‘बाक्टे’ म्हणतात. जी घरं वाढताहेत त्यांना दुर्बळ कसं म्हणावं? सबळ टिकली ती रोजच्या वापरामुळे. येणं, जाणं, खाणं, पिणं, झोपणं, बोलणं ही ती क्रियापदं. ज्या भांड्याला रोज हात लागतो त्याला गंज चढत नाही.

आपल्या मराठीत तरी वेगळं काय आहे? करणे–केला, जाणे–गेला, मरणे–मेला. लहान मूल ‘करलं’ म्हणतं, आपण हसतो आणि सुधारतो. पण ‘केला’ आणि ‘गेला’ आकाशातून पडलेले नाहीत. संस्कृतातल्या ‘कृत’, ‘गत’ यांचं प्राकृतात ‘कय’, ‘गय’ झालं आणि त्यांना ‘ल’ लागून मराठी रूपं आली. हे ‘कय’ आणि ‘गय’ आपल्या आचार्यांनी लिहिलेल्या प्राकृत कथांत पानोपानी भेटतात. आणि जर्मन ‘बिंडन’ तर आपल्या ‘बंध’चंच भावंड, मूळ एकच. सात तत्त्वांतला बंध ज्यांना लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांना हे क्रियापद परकं वाटायचं कारण नाही.

तक्त्याची दुसरी उणीव याहून मोठी आहे. कोणता रकाना कुठं वापरायचा हे तो सांगत नाही. बोलताना, विशेषतः दक्षिण जर्मनीत, भूतकाळ बहुतेक तिसऱ्या रकान्यातून येतो. मी पाणी प्यायले म्हणायचं तर ‘इश हाबे वासर गेट्रुंकन’. मधला ‘ट्रांक’ गोष्टीत, पुस्तकात. ‘वार’ म्हणजे होता, ‘हाट्टे’ म्हणजे जवळ होतं, अशी थोडी रूपं तेवढी बोलण्यातही सर्रास चालतात. फोनवर नातीशी बोलायचंय तिनं आधी तिसरा रकाना धरावा. जिला वाचायचंय तिनं मधला. तिन्ही एकदम घोकायला लावणं म्हणजे पोळी, भात, खीर एकाच घासात कोंबणं.

मधल्या रकान्यासाठी ग्रिमच्याच कथा घ्याव्यात असं मी म्हणेन. गिंग, काम, झा, श्प्राख, म्हणजे गेला, आला, पाहिलं, बोलला, ही रूपं तिथं इतक्या वेळा येतात की घोकावी लागत नाहीत. उणिवा तिथंही आहेत. भाषा जुनी आहे. ‘झाला’ या अर्थी आज ‘वुर्डे’ म्हणतात तिथं जुनं ‘वार्ट’ भेटतं. लांडग्याचं पोट फाडण्यासारखे प्रसंग आपल्या मुलांना सांगवत नाहीत. पण गोष्टीत क्रियापद एकटं नसतं. कोण गेलं, कुठं गेलं, पुढं काय झालं, ही उत्सुकता त्याला धरून ठेवते.

हा मार्ग काही माझ्या कल्पनेतला नाही. हेर्मान याकोबी या जर्मन पंडितानं 1886 साली लाइपझिगहून महाराष्ट्री प्राकृतातल्या निवडक कथांचं पुस्तक काढलं. हेतू होता नवशिक्यांना प्राकृत शिकवण्याचा. त्यात व्याकरण आहे, शब्दकोश आहे आणि मधे आहेत जैन कथा. म्हणजे आपली ‘कय–गय’ तिकडच्या विद्यार्थ्यांपुढे गोष्टींच्या सोबतीनं ठेवली गेली, आणि त्यांची ‘गिंग–काम’ आपल्याला मिळतात ती नुसत्या रकान्यांत.

तक्ता फाडून टाका असं मी म्हणत नाही. अडलं तर बघायला तो हवाच, शब्दकोश हवा तसा. पण शब्दकोश पाठ करून कुणी मराठी शिकलं नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणी वयाकडे बोट दाखवलं, तर मैत्रिणींनो, तिला आधी विचारा, तुमच्या पुस्तकात गोष्ट कितव्या पानावर आहे?