लू वॉलेसचें आत्मचरित्र : एक हरवलेला हुकूम व एक जपलेलें पत्र

अमेरिकेंतील सेनानी, वकील व मुत्सद्दी लू वॉलेस (१८२७–१९०५) याचें दोन खंडांचें आत्मचरित्र १९०६ सालीं, त्याच्या पश्चात्, प्रसिद्ध झालें. अपुरा भाग पत्नीनें पुरा करविला. न्यू मेक्सिकोची गव्हर्नरी, तुर्कस्तानची वकिलात हीं प्रकरणें वाचनीय खरीं. परंतु ग्रंथाचा कस लागतो तो यादवी युद्धांतील शायलोच्या लढाईवर.

६ एप्रिल १८६२ रोजीं वॉलेसची फौज पांचसहा मैलांवर असूनही अंधार पडेपर्यंत रणांगणीं पोंचली नाहीं. नदीकांठच्या वाटेनें येण्याचा हुकूम होता, असें सेनापति ग्रँट म्हणे. सैन्याच्या उजव्या बगलेस मिळण्याचा होता, असें वॉलेस. हुकूम तोंडीं सांगितलेला, दुसऱ्यानें टिपलेला, बिनसहीचा. आणि तो कागदच वॉलेसच्या अधिकाऱ्याकडून गहाळ झाला! दप्तरें चाळणारांस ही हळहळ निराळी सांगावयास नको.

असें असतां ग्रंथकार हुकुमाचे शब्द अवतरणांत देतो. इतक्या वर्षांच्या स्मरणावर एवढा भार आम्हांस मान्य नाहीं. ही बखर झाली. अस्सल कागद एकच : ता. ५ एप्रिलचें, त्यानें डब्ल्यू. एच. एल. वॉलेस या दुसऱ्या सेनानीस लिहिलेलें पत्र. तो सेनानी शायलोस जखमी होऊन वारला. पत्र त्याच्या विधवेनें पुढें ग्रँटकडे पाठविलें, आणि मरणासन्न ग्रँटनें जून १८८५ मध्यें आपल्या आठवणींस टीप जोडून पूर्वींचा दोषारोप बराच सौम्य केला. आंतील रस्त्यानें कुमक नेण्याची तयारी आदल्या दिवशींच चालली होती, एवढें त्या पत्रानें सिद्ध होतें. हरवलेल्या हुकुमांत काय होतें, तें मात्र त्यानें सिद्ध होत नाहीं.