पहिल्या प्याल्याचा धनी

सुधाकराची शोकांतिका मद्याची की स्वभावाची, हा वाद मराठी टीकाकारांना नवा नाही. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले, आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणले. त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी सिंधूचे हाल पाहून डोळे पुसणारा प्रेक्षक घरी जाताना बहुधा एकच निर्णय घेऊन जातो: सारा दोष त्या तळीरामाचा! तो नसता तर एक सोन्यासारखा संसार वाचला असता. हा निर्णय सोयीचा खरा. पण तो यथार्थ आहे काय, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रश्न केवळ एका नाटकाचा नव्हे. मनुष्य आपण होऊन पाप करतो की त्याच्याकडून ते करविले जाते, हीच शंका गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने काढली आहे; आणि उत्तर देताना श्रीकृष्णांनी बाहेरच्या कोणा भुलविणाऱ्याचे नव्हे, तर काम आणि क्रोध यांचे नाव घेतले आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे एक स्वतंत्र प्रकरणच या शंकेस दिले. कर्माचे बंधन खरे, तथापि आपली सुधारणा करून घेण्यास आत्मा स्वतंत्र आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा ग्रंथ हिंदी वाचकांपर्यंत नेला तो माधवराव सप्रे यांनी. मराठी घराण्यातले सप्रे हिंदीचे थोर संपादक झाले. त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ रायपुरात गेला आणि १९२६ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. तेव्हा रायपूरच्या मराठी वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही.

आता नाटकाकडे वळू. सुधाकर बुद्धिमान आहे, स्वकर्तृत्वाने वर आलेला आहे आणि म्हणूनच मानी आहे. न्यायालयात मुनसफाशी खटका उडतो, त्याची सनद काही काळापुरती जाते, आणि त्या जळत्या क्षणी त्याचा कारकून तळीराम त्याच्यापुढे विस्मृतीचा उपाय ठेवतो. पुढे सुधाकर शुद्धीवर येऊन दारू सोडण्याचा निश्चय करतो, नोकरीसाठी प्रतिष्ठितांचे उंबरठे झिजवतो, तेथे पदरी उपहास येतो, आणि निश्चय मोडतो. हे दोन्ही प्रसंग शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही वेळा प्याला नंतर येतो. आधी येतो तो अपमान. प्याल्याची गोडी सुधाकराला पहिल्याने ओढीत नाही. दुखावलेला अहंकार त्याला तिकडे ढकलतो. तळीरामाने दार उघडले नाही. उघड्या दारातून तो आत आला एवढेच.

हे अनुमान केवळ सुधाकरावरून काढले असते तर ते दुबळे ठरले असते. परंतु गडकऱ्यांनी त्याच्या जोडीला आणखी दोन माणसे उभी केली आहेत, आणि त्यांच्याकडे टीकाकारांचे म्हणावे तितके लक्ष गेलेले नाही. भगीरथ हाही प्रेमातील निराशेने पिऊ लागलेला, तळीरामाच्या आर्य मदिरामंडळातच वावरलेला तरुण. पण रामलालाच्या सहवासात तो त्यातून बाहेर पडतो. मोह तोच, मंडळ तेच. माणूस मात्र सुटला. उलट रामलालाच्या भोवती कोणी तळीराम नाही. तो सज्जन आहे, विद्वान आहे. तरी मुलीसारख्या मानलेल्या शरदविषयी त्याच्या मनात अभिलाषा उद्भवते. ती कोणी भरवलेली नाही. ती ओळखून तो स्वतःला सावरतो आणि शरद भगीरथाला देतो. मोहकावाचून पाप उपजू शकते आणि मोहक असूनही माणूस त्यातून निसटू शकतो, या दोन गोष्टी एकाच नाटकात सिद्ध झाल्यावर सगळा भार तळीरामावर टाकणे न्यायाचे होत नाही.

रायपूरचा गोल बाजार याचे उत्तम उदाहरण होय. जन्मापासून अंत्यविधीपर्यंत लागणारी प्रत्येक वस्तू तेथे मिळते, अशी या जुन्या बाजाराची ख्याती आहे. त्याच गल्ल्यांतून हजारो माणसे जातात; मांडलेला माल सर्वांना सारखाच दिसतो. कोणी पूजेचे साहित्य घेतो, कोणी बांगड्या, कोणी रिकाम्या हाताने परततो. काय विकत घेतले यावरून बाजाराची नव्हे, तर ग्राहकाची परीक्षा होते.

कायद्याने हा भेद पूर्वीच ओळखला आहे, हे आपल्या अधिकारी वाचकांना सांगायला नको. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलमे ८५ व ८६, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतील कलमे २३ व २४, नशेचे दोन प्रकार मानतात. नकळत किंवा इच्छेविरुद्ध पाजलेल्या दारूने ज्याची समज हरपली त्याला बचाव आहे. जो आपण होऊन प्याला, त्याला शुद्धीवरच्या माणसाइतकेच ज्ञान होते असे धरले जाते. तळीरामाने सुधाकराचे हात बांधले नव्हते. म्हणजे न्यायासनापुढे वकील सुधाकराला स्वतःची वकिली करता आली नसती.

पण एवढ्यावर थांबणे म्हणजे दुसऱ्या टोकाचा अन्याय होय. सुधाकर दोषी ठरला म्हणून तळीराम निर्दोष होत नाही. दोष ही काही दोघांत वाटून घ्यावयाची रास नव्हे, की एकाच्या पदरात अधिक पडली म्हणजे दुसऱ्याची कमी व्हावी. दुसऱ्याच्या दुबळ्या क्षणाची वाट पाहून त्याच्यापुढे प्याला धरणे हे तळीरामाचे स्वतःचे, संपूर्ण पाप आहे. आणि तो प्याला उचलणे हे सुधाकराचे. येथे आणखी एक आरोपी आहे, ज्याला प्रेक्षक सहसा पाहात नाही. निश्चय करून आलेल्या सुधाकराला ज्यांनी हसून दारातून परतविले त्या प्रतिष्ठितांनी मद्याचा थेंबही पाजला नाही. तरी त्या वेळचा मोह त्यांनीच निर्माण केला. तळीराम निदान आपण काय करतो हे जाणत होता. या सभ्य गृहस्थांना आपण काही केले असे वाटलेही नसेल, आणि माझ्या मते नाटकातील सर्वांत भयंकर जागा हीच आहे.

हे आपणांस, परमुलुखात अधिकारपदावर बसलेल्यांस, विशेष लागू पडते. घरची वडीलधारी मंडळी दूर, ओळखीचे डोळे नाहीत. अशा वेळी हातून काही घडले म्हणजे ‘इकडची हवाच तशी’, ‘संगतच तशी’, असे म्हणण्याचा मोह होतो. ती हवा आपण विकत घेतली असते, हे सुधाकर शिकवतो. पण त्याच वेळी आपल्या मेजावर एखाद्या चुकलेल्या, सावरू पाहणाऱ्या माणसाचा अर्ज पडलेला असतो. तो नाकारण्याचे नियमानुसार कारण असेलही; तरी शेरा मारण्यापूर्वी त्या दारातून परतलेल्या सुधाकराचे स्मरण व्हावे. आपल्या पापापुरते आपण स्वतंत्र आहोत, एवढे बजावून गडकरी थांबत नाहीत. दुसऱ्याच्या पतनात आपला हात किती, हेही ते विचारतात. तळीरामाला शिव्या देऊन घरी जाणारा प्रेक्षक हा दुसरा प्रश्न ऐकतच नाही. नाटक पुन्हा वाचावे ते त्यासाठी.